डोल जाळ्याची झोळी

माझं अक्षर ओल्या वाळूवरून खेकडा चालून गेल्यासारखं आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीतही कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर विचारायला मास्तर राहिले नाहीत. तेव्हा हे कुणाच्या हाती लागलंच तर चुकांबद्दल माफ करा आणि तांदळाच्या डब्यामागे, होतं तिथेच परत ठेवून द्या. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. बोलायला गेले की मला शब्द सापडत नाहीत. लिहिताना समोर कोणी उभं नसतं, म्हणून सापडतात.

मी गोराईची कोळीण. आमच्यात बाईचा आवाज खाडीच्या पलीकडे जातो. माझा टोपलीच्या पलीकडे जात नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूने दोन दिवस वाट पाहिली आणि मग माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "मुकी आणलीस काय रे?" तो म्हणाला, "नाय, बोलते. पण जपून वापरते."

रोज सकाळी होडीने खाडी ओलांडायची आणि बोरिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायचं, हे माझं काम. माझ्या डाव्या हाताला माझी नणंद बसते, नवऱ्याची थोरली बहीण. तिला गावातच दिलेली आहे. तोंडावर मी तिला वन्स म्हणते आणि अहो-जाहो करते. इथे मात्र 'ती' म्हणणार आहे. तेवढी मजा मला असू दे.

गिऱ्हाईक माझ्यासमोर येऊन उभं राहतं. मी हसते. तेवढ्यात डावीकडून नणंद ओरडते, "ये गो बाय, तिथे काय बघतेस, इथे बघ पापलेट कसं हाय," आणि गिऱ्हाईक तिकडे सरकतं. दुपारपर्यंत माझी अर्धी टोपली उरलेली असते. मासा मऊ पडतो आणि मिळेल त्या भावात द्यावा लागतो. म्हणून मला एक मोठी फायबरची बर्फपेटी घ्यायची होती. मासा बर्फात राहिला की घाई नाही, आणि घाई नसली की ओरडायला नको.

पेटीचे पैसे माझ्याकडे होते. म्हणजे नणंदेकडे होते. तिच्या मुलीच्या हळदीला बँड, मंडप, रात्रभर नाच, सगळं झकास व्हायला हवं होतं, आणि माझी दोन वर्षांची सुक्या मासळीची कमाई तिने मागून नेली. चार महिन्यांत देते म्हणाली होती. त्या मुलीचा मुलगा आता बालवाडीत जातो.

पैसे मागायचे म्हणून मी कितीदा तरी होडीत मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसले. "वन्स," एवढं म्हणायचे. ती म्हणायची, "काय गो?" आणि मी म्हणायचे, "आज भरती लवकर हाय." तिला खात्री झाली असेल की भावजयीला भरतीचं वेड लागलंय.

आमच्याकडे एक कॉलेजातली मुलगी रविवारी मासे घ्यायला यायची. तिला बोलायला फार आवडायचं आणि मला ऐकायला, म्हणून तिचं माझ्याशी जमायचं. एकदा तिने मोबाईलवर फोटो दाखवला. डोंगरावर दोन झाडं, मध्ये बांधलेलं लाल कापड, त्यातून बाहेर आलेले तिचे बूट.

"हॅमॉक म्हणतात याला, मावशी. मुरबाडच्या पुढे एक डोंगर आहे. सामान पाठीवर घ्यायचं, चालत राहायचं आणि संध्याकाळ झाली की झाड बघून हे बांधायचं. मी यात दोन रात्री झोपले. एकटी."

"आजूबाजूला कोण होतं?"

"कोणीच नाही."

"बोलायला?"

"कोणीच नाही, मावशी."

मी तो फोटो पुन्हा दाखव म्हणाले. लाल कापड म्हणजे आपली बाळाची झोळी, फक्त मोठ्या माणसाला पुरेल अशी. ती गेल्यावर मी विचार न करता बोलून गेले, "मना पण असं एकदा जायचंय."

नणंद हसायला लागली. ती हसली की आजूबाजूच्या टोपल्याही हसतात.

"तू जाणार? परवा रिक्षावाल्याने पुढे नेली तर तुला 'थांब' म्हणता आलं नाय. शेवटी तो स्वतः थांबला आणि तू तिथून चालत आलीस. डोंगरात वाट चुकलीस तर विचारशील कुणाला, माकडाला?"

"माकडाला विचारायची लाज नाय वाटणार," मी म्हणाले.

अशी उत्तरं मला रोज सुचतात, पण ती मी मनात देते. हे तोंडातून बाहेर पडलं. समोर बसणारी खेकडेवाली म्हातारी खेकडा बांधता बांधता थांबली. नणंदेला चारचौघींत उत्तर मिळायची सवय नव्हती. ती चिडली आणि चिडून बोलून बसली, "तीन रात्री एकटी डोंगरात राहून दाखव. तुझे सगळे पैसे परत देते, एकरकमी."

"कसले पैसे?" म्हातारीने विचारलं.

तेव्हा नणंदेच्या लक्षात आलं की हे पैसे आजवर फक्त आम्हा दोघींनाच माहीत होते. आता चार टोपल्यांना माहीत झाले. ती सावरून घेत म्हणाली, "पण आधी परत आलीस तर ते पैसे विसरायचे. कायमचे."

"वाट लागली हिची," मागून कोणीतरी म्हणालं. कुणाची ते मला कळलं नाही. मी मान हलवली.

म्हातारीने लगेच नियम घातले. सोबत कोणी न्यायचं नाही, कुणाच्या घरात झोपायचं नाही, आणि आपणहून घरी फोन करायचा नाही. मार्गशीर्ष लागला होता. अर्धी बोरिवली मासळीकडे बघत नव्हती, त्यामुळे मी बाजारात नसण्याने कुणाचं अडणारही नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तो कपाळ खाजवत माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं काळजीत पडला.

"मग माझ्या जेवणाचं काय?" त्याने विचारलं.

"वन्स देतील."

त्याने आणखी थोडा विचार केला. "चार रात्री राहा की. तायचं कालवण चांगलं असतं."

आता झोळी. विकतची पाहिली नव्हती आणि पाहायची गरज वाटली नाही, कारण आमच्या माळ्यावर जुन्या जाळ्यांचा ढीग आहे. त्यातून मी डोल जाळ्याचं शेपूट काढलं. जाड दोऱ्याचं, घट्ट विणीचं, लांबीला माझ्यापेक्षा थोडं जास्त. नवऱ्याने विचारलं, "कांदे ठेवायला नेतेस?" मी हो म्हणाले. डोंगरात त्यात मी झोपणार आहे हे सांगायला लाज वाटली.

सांगायला हवं होतं. डोल जाळं असतं पिशवीसारखं. तोंडाशी एवढं मोठं की होडी आत जाईल, आणि मागे निमुळतं होत होत शेपटाशी बांधलेलं. पाण्याच्या ओढीला ते तोंड उघडं करून लावतात. मासा पाण्याबरोबर आत येतो, मागे मागे ढकलला जातो आणि शेपटात जाऊन बसतो. तिथून त्याला वळता येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त माशांबद्दल माहीत होतं.

निघायच्या दिवशी नणंद जेट्टीवर आली. मी माझ्या मुलाची ट्रॅक पँट घातली होती आणि वरून साडी नेसले होते, म्हणजे कुणाला दिसू नये. तिला दिसली.

"तिथे देवी कुठली हाय?" तिने विचारलं.

आमच्यासाठी डोंगर म्हणजे कार्ल्याचा, एकवीरा आईचा. दुसऱ्या डोंगरावर कुणी कशाला चढेल हे आमच्याकडे कळत नाही.

"देवी नाय कुठली," मी म्हणाले.

"मग कशाला जातेस?"

याचं उत्तर तिनेच दिलं होतं, पण ते आठवण करून देण्याइतकी मी धीट नव्हते. तिने माझ्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाली, "कुठली तरी सापडेल. फोड तिच्यासमोर." मग होडी सुटेपर्यंत उभी राहिली. मी परत उतरते का ते बघत असावी.

कल्याणहून एस.टी. धरली, मुरबाडच्या पुढे उतरले आणि त्या मुलीने सांगितली होती तशी गावामागची वाट धरली. मुलाच्या कॉलेजची बॅग पाठीवर होती. तिच्यात तांदूळ, सुके बोंबील, एक टोप, चादर, जाळं आणि नारळ. अर्ध्या तासात खांदे भरून आले. इकडे तिकडे बघितलं. कोणी नव्हतं. पदराची चुंबळ केली, बॅग डोक्यावर घेतली आणि सुटले. डोक्यावर ओझं असलं की माझे पाय आपोआप पडतात.

वरच्या वळणावर शहरातली चार पोरं खाली उतरताना भेटली. सगळ्यांच्या पाठीला मोठमोठ्या बॅगा. माझ्या डोक्याकडे बघून एकाने विचारलं, "मावशी, वर काय आहे? जत्रा आहे का?"

मला खोटं बोलता येत नाही असं सगळे म्हणतात. पण हे लोक मला पुन्हा कधी भेटणार नव्हते.

"लग्न आहे," मी म्हणाले.

"वर? डोंगरावर?"

"मुलगी वरची आहे," मी म्हणाले आणि चालू लागले. ती चौघं वळणावर उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मी कितीतरी वेळ एकटीच हसत होते. अनोळखी माणसाशी मी आयुष्यात बोललेलं ते सगळ्यात लांब बोलणं.

सपाटी लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. पाण्याचं टाकं होतं, झाडं होती, आणि खरंच कोणी नव्हतं. मी एक झाड बघितलं, दुसरं बघितलं आणि जाळं बांधलं. तोंडाकडची बाजू एका झाडाला, आत शिरायला जागा ठेवून. शेपूट दुसऱ्याला. भात केला, बोंबील भाजले, जेवले. थंडी पडायला लागली, तशी चादर गुंडाळली आणि पाय पुढे घालून आत शिरले.

पहिल्यांदा बरं वाटलं. मग हळूहळू मी खाली सरकायला लागले. शेपटाकडची दोरी वजनाने उतरली होती. धरायला गेले तर बोटं जाळ्यात अडकली. ती सोडवते तोवर पायांची बोटं. जितकी हलले तितकी पुढे गेले, आणि शेवटी गुडघे हनुवटीला लावून शेपटात जाऊन बसले. हात अंगाशी आवळलेले. बांगडी एका भोकात, वेणी दुसऱ्या भोकात. खालून वारा येत होता, कारण जाळ्याला खालूनही भोकं असतात. हेही मला माहीत होतं.

बोंबलाला काय वाटत असेल याचा मी त्या रात्री पुष्कळ विचार केला. माणूस कशाही अवस्थेत झोपतो, तशी पहाटेकडे मीही झोपले.

उजाडलं तेव्हा शेळ्यांचा आवाज आला. सपाटीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई शेळ्या घेऊन चालली होती. माझ्याच वयाची, डोक्याला फडकं बांधलेलं. ती गेली असती तर पुन्हा कधी कोण आलं असतं कुणास ठाऊक. फोन बॅगेत, बॅग झाडाखाली.

"अहो बाई," मी म्हणाले.

एका शेळीने माझ्याकडे बघितलं. बाईने बघितलं नाही. मी पुन्हा म्हणाले. "वाचवा" म्हणायचं मनात आलं, पण ते फार नाटकी वाटलं. आणि मी काही मरत नव्हते. ती बाई उताराला लागली. आता मोठ्याने ओरडायलाच हवं होतं, आणि ओरडायचं म्हणजे काय म्हणायचं ते मला सुचेना. मला ओरडणं एकच पाठ आहे, डाव्या हाताला रोज ऐकते ते.

"ए ताजा बोंबील घे गो बाय, ये इकडे, बोंबील बघ कसा पांढरा हाय."

समोरच्या कड्यावरून बोंबील परत ऐकू आला. बाई थांबली. वळली. शेळ्यांना तिथेच सोडून माझ्याकडे आली आणि झाडांमध्ये लोंबणाऱ्या त्या गाठोड्याभोवती एक फेरी मारली.

"बोंबील कुठाय?" तिने विचारलं.

"बॅगेत हाय. सुका."

"मग ताजा का म्हणालीस?"

"तसंच म्हणायची पद्धत हाय."

तिला ते पटलं. तिने खाली बसून बॅगेचा वास घेतला. "कसा दिला?"

"आधी मला सोडव गं बाई."

"आधी भाव सांग. सोडवल्यावर वाढवशील."

मी इतकी वर्षं मासळी विकते, पण विकणारीच जाळ्यात आणि गिऱ्हाईक बाहेर, असा सौदा मी कधी केला नव्हता. म्हणाले, "फुकट घे."

"किती?"

"अर्धे."

तिने माझ्याकडे, मग शेपटाच्या गाठीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. "अर्ध्याहून थोडे जास्त," ती म्हणाली आणि विळ्याने गाठ कापली. मी खाली पडले. पाठीवर, गालावर, दंडावर सगळीकडे जाळ्याच्या खुणा उठल्या होत्या. त्या बघून ती बसून हसली, मी पण हसले, आणि शेळ्यांनी तेवढ्यात माझा उरलेला भात खाल्ला.

चहा तिने केला, माझ्या टोपात, तिच्या शेळीच्या दुधाचा; पूड आणि कप तिच्या पिशवीत होते. एकटी इथे काय करतेस म्हणून विचारलं. मी सांगितलं, पैज लावली आहे, तीन रात्री काढल्या तर माझे पैसे परत मिळतील.

"कुणाशी पैज?"

"नणंदेशी."

तिने कप खाली ठेवला. "माझ्या नणंदेकडं माझी एक शेळी हाय. जरा दूध काढायला नेते म्हणाली होती. त्या शेळीला आता नातवंडं झाली." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या घरी चल म्हणणार होते. आता नाय म्हणत. तू इथंच राहा."

जाळं तिनेच धरून ठेवलं आणि मी ते लांबीला कापून सरळ केलं. पिशवीची चटई झाली. दोन्ही टोकं गोळा करून बांधली, आत सुकं गवत आणि त्यावर चादर टाकली. आता तिच्यात माणूस झोपू शकत होता आणि उठूही शकत होता.

त्याच दिवशी मी सपाटीच्या कडेकडेने चालत पुढच्या डोंगरावर गेले. बॅग डोक्यावर. बोंबील निम्म्याहून कमी झाले होते, पण वास तेवढाच होता, आणि जाळ्याचा तर कायमचा. खालच्या पाड्यातला एक कुत्रा मागे लागला. मग दुसरा आला. संध्याकाळी झोळी बांधली तेव्हा तिच्याखाली चार कुत्रे ओळीने बसले, मी केव्हा पडते याची वाट बघत. मला भीती वाटायला हवी होती, पण खालून येणारा वारा त्यांनी अडवला, म्हणून मी काही बोलले नाही.

तिथे बोलायला कोणी नव्हतं, आणि गंमत म्हणजे मी दिवसभर बोलत होते. कुत्र्यांशी, टाक्यातल्या बेडकाशी, दुखणाऱ्या टाचेशी. एका दगडाला मी होडीत जे बोलायचं राहिलं ते सगळं सांगितलं. "वन्स, माझे पैसे द्या," असं त्याला निरनिराळ्या प्रकारे म्हणून बघितलं. गोड, कडक, रडवेलं. दगड नणंदेपेक्षा बरा, मध्येच 'काय गो' म्हणत नाही. नारळही मी त्याच्यावरच फोडला. देवी सापडली असं समजले.

तिसऱ्या दिवशी दुपारी उंच टेकाडावर बसले होते. खोबरं खात होते. खालच्या शेतांचे चौकोन दिसत होते, आणि मला आणखी एक रात्र इथे मिळणार म्हणून फार बरं वाटत होतं. तिथे मोबाईलला रेंज असेल हे माझ्या ध्यानात नव्हतं. फोन वाजला. नणंद.

आपणहून करायचा नाही, पण आलेला घेऊ नये असा नियम नव्हता. मी घेतला.

"कशी हायस गो?" तिचा आवाज मऊ होता. तिचा आवाज मऊ झाला की तिला काहीतरी हवं असतं.

"बरी हाय."

"सांगणार नव्हते. पण सांगायला पायजे. त्याला ताप आलाय. अंग भट्टीसारखं तापलंय. डोळे उघडत नाय. तुझं नाव घेतो सारखं. आत्ता निघालीस तर रात्रीपर्यंत पोचशील."

खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातातून खाली पडला. डोळे उघडत नाही म्हणजे काय. पेटी गेली खड्ड्यात, पैसे गेले खड्ड्यात. मी उभी राहिले, बॅग ओढली, वाट कुठली ते बघायला लागले. "डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं.

"दाखवला ना. गोळ्या दिल्या. पण घास उतरत नाय गो त्याच्या घशाखाली."

आणि तिच्या मागून, लांबून पण अगदी स्पष्ट, माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "ताय, अजून एक तुकडी वाढ गो. आणि रस्सा जरा जास्त."

 आमच्या दोघींमध्ये सगळा डोंगर होता, पण ती काय विचार करतेय ते मला ऐकू येत होतं.

"तापात बडबडतो हा," ती शेवटी म्हणाली.

"मग वाढा त्यांना," मी म्हणाले, "रस्सा जास्त," आणि फोन बंद केला.  बॅग खाली ठेवली, खोबऱ्याचा पडलेला तुकडा पुसून खाल्ला. मग मला राग आला, मग हसू आलं, आणि त्यानंतर मी झोळी जरा लवकरच बांधली. त्या रात्री कुत्रे नव्हते, वारा नव्हता. सकाळी उन्हाने तोंड तापेपर्यंत मी उठले नाही. इतकी झोप मला लग्नानंतर मिळाली नव्हती.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी बाजारात निवाडा बसला. खेकडेवाली म्हातारी मध्ये, आजूबाजूला सगळ्या. गिऱ्हाईक तसंही नव्हतं. म्हातारीने मला सगळं सांगायला लावलं आणि मी सांगितलं, जाळ्यात अडकले तेही, फक्त फोनचं सोडून. तिथे फार हसल्या. म्हातारी तर दोनदा 'पुन्हा सांग' म्हणाली.

नणंद हसली नाही. तिला फट सापडली होती. "म्हणजे दुसऱ्या बाईने सोडवली. चहा पण तिनेच केला. मग ही एकटी कुठे होती? एकटी म्हणजे एकटी. पैज मोडली."

बायकांची कुजबुज झाली. म्हातारी खेकड्याच्या नांगीला दोरा गुंडाळत विचार करायला लागली. मला दिसलं की ती डळमळते आहे. माझी पेटी त्या दोऱ्याबरोबर गोल गोल फिरत होती.

दगडाला जे सांगितलं होतं त्यातलं काही मला आठवेना. मी नणंदेकडे बघितलं आणि अगदी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "वन्स, यांचा ताप उतरला का?"

"कुणाला ताप?" म्हातारीने मान वर केली. "हिच्या नवऱ्याला? परवा दुपारी तर तो माझ्याकडून चिंबोऱ्या घेऊन गेला. तायकडे करायला सांगतो म्हणाला. कसला ताप?"

 सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी पुढे सांगावं अशी त्यांची इच्छा होती, आणि सांगितलं असतं तर नणंदेला बाजारात वर्षभर तोंड काढता आलं नसतं. मी माझ्या टोपलीतल्या मांदेल्यांवर पाणी मारायला लागले.

नणंद थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तीन रात्री काढल्यान हिने. जिंकली. देते पैसे."

"एकरकमी," म्हातारीने आठवण केली.

एकरकमी काही झालं नाही. तिने कमरेची पिशवी सोडून होते ते दिले, आणि बाकीचे होडीत, चालू होडीत, माझ्या हातात कोंबत राहिली. कधी ओल्या नोटा, कधी नुसती नाणी, एकदा पैशाऐवजी दोन सुरमया, त्या म्हातारीने मोजल्या नाहीत. मध्ये दोन आठवडे ती आमच्या होडीने आलीच नाही, आधीच्या होडीने गेली. म्हातारी रोज सकाळी टोपली मांडायच्या आधी विचारायची, "किती राहिले?" आणि मी बोटांनी दाखवायचे. जिथे मी तोंड उघडत नव्हते तिथे म्हातारी उघडायची, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

होळीच्या आदल्या आठवड्यात होडीत ती स्वतः माझ्या शेजारी येऊन बसली.

"वयनी," ती म्हणाली. मला ती कधी असं म्हणत नाही.

"काय वन्स?"

"आज भरती लवकर हाय," ती म्हणाली, आणि पदराखालून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला. "मोज."

मी मोजले. पुन्हा मोजले, कारण पहिल्यांदा हात ओले होते.

"पुरे हायेत," मी म्हणाले.

"मग मोठ्याने सांग. नायतर ती म्हातारी उद्या परत विचारील."

मी सांगितलं. होडीतले सगळे वळले, पुढे बसलेला इंजिनवालाही वळला.

"एवढ्या मोठ्याने नको," नणंद म्हणाली. पण पैसे पुरे होते, एक नोटही कमी नव्हती.